पदरमोड

पोर्टल बंद होतं आठ वाजता,
पण ते आठ ओटावातले.
आमच्या बेटावर तेव्हा नऊ वाजलेले असतात.
अख्ख्या वर्षात सरकारकडून
न मागता मिळतो तो हा एवढाच:
एक तास.

गेल्या खेपेला लिहून आलं होतं,
"काम उपयुक्त, पण नावीन्य कमी."
त्याआधीच्या खेपेला,
"नावीन्य आहे. उपयोग दिसत नाही."
जोसी आर्सेनोनं दोन्ही पत्रं शेजारी शेजारी
प्रयोगशाळेच्या फ्रीजवर लावली,
आणि दर सोमवारी त्यांना गुड मॉर्निंग म्हणते.

काम तसं साधं.
शिंपल्यांची पिल्लं समुद्रात टांगताना
जाळीच्या लांब मोज्यात भरतात, प्लास्टिकच्या.
तो मोजा बटाट्याच्या पिठाचा करायचा.
बटाटे इथे पायलीचे पन्नास.

अडचणही साधीच.
आमचा मोजा बाविसाव्या दिवशी विरघळला
आणि एल्डन मकॅस्किलचं अर्धं बियाणं
खाडीच्या तळाशी, खेकड्यांच्या पंगतीला.
तो ओरडला नाही.
म्हणाला, "खेकडे खूश आहेत,"
आणि दुसरा दोर दिला.

आता रकाना अकरा:
भागीदार उद्योगाचं योगदान,
रोख आणि वस्तुरूप, पुराव्यासह.
रोख, शून्य.
शून्य टाकलं की रकाना लाल होतो,
वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखा.

भागीदार उद्योग समोर बसलाय,
टोपी गुडघ्यावर,
बुटांतलं बर्फ माझ्या गालिच्यावर सोडत.
बोट?
"लिही."
किती तास?
"कोण मोजतं?"
बर्फ कापायची करवत?
"लिही. पेट्रोल धरू नकोस."

आणि गोठलेल्या खाडीवर पाऊल टाकण्याआधी
काठी आपटून ऐकायचं,
कुठे ती माणसाला पेलेल, कुठे गिळेल,
त्याचा तासाचा दर काय लावू, एल्डन?

बराच वेळ तो गप्प.
"ते बापानं फुकट शिकवलं.
पैसे लावलेस तर म्हातारा उठून येईल."

रबराच्या डगल्याला पदर नसतो.
तरी कुठली तरी गाठ सोडतच होता माणूस,
आणि मी ती डॉलरात लिहीत होते,
दोन दशांश स्थळांपर्यंत.

मग सारांश. अठ्ठावीसशे अक्षरं,
मोकळ्या जागाही मोजून.
मी लिहिलं होतं:
मोजा कायम टिकायला नकोच आहे.
पिल्लांना स्वतःचे धागे फुटून
ती दोराला धरेपर्यंत त्यानं धरावं,
मग मुकाट्यानं पाण्यात जावं.
तुमच्याकडूनही आम्ही एवढंच मागतो.

एकशे बारा अक्षरं जास्त झाली.
कुठून काढायची ते लगेच कळलं.
पुसलं. 'शाश्वत' ठेवला. 'व्याप्ती' ठेवली.

नऊला नऊ मिनिटं असताना बटण दाबलं.
पूर्वी म्हणे उंबरठे झिजवायचे.
इथे झिजलं ते एंटरचं अक्षर.

"मिळाले?"
नाही. पोचला. उत्तर नोव्हेंबरात.
"बियाणं ऑक्टोबरात भरतात."
माहीत आहे.
"मग तुमचे मोजे विणून ठेवा," म्हणाला,
जसं काही मध्ये कुणी उभंच नव्हतं.

निघताना टोपीच्या अस्तरातून
त्यानं एक कागद काढला, घामानं पिवळा:
करवतीची पावती, शार्लटटाउनचं दुकान,
जे आता नाही.
"पुरावा म्हणालीस ना."

आता जोडता येत नाही, हे मी बोलले नाही.
जोसीनं फ्रीजवर जागा केली,
दोन पत्रांच्या मधोमध.